दिसणे, ठरवणे आणि फसणे

‘दिसते तसे नसते, म्हणून तर जग फसते’ ही म्हण मराठी माणसाच्या तोंडी सहज येते, आणि तिच्यात फसवणुकीचे सगळे खापर दिसण्याच्या माथी फोडलेले असते. भ्रमाचा बारकाईने विचार करणाऱ्यांनी मात्र, मग ते प्राचीन नैयायिक असोत की एकोणिसाव्या शतकातील जर्मन शरीरशास्त्रज्ञ, हा दोष बहुतेक वेळा दुसरीकडे दाखवला आहे. डोळ्यांपुढे जे येते ते सहसा खोटे नसते. त्याविषयी मन जो निवाडा करते तो चुकतो, आणि तो इतक्या झटपट व इतका नकळत होतो की निवाडा झाला याचाच पत्ता माणसाला लागत नाही. आपण फक्त पाहिले, अशीच त्याची प्रामाणिक समजूत असते. न्यायालयात शपथेवर साक्ष देणारा आणि कोजागिरीला उगवता चंद्र ‘आज केवढा मोठा’ म्हणून कौतुकाने दाखवणारा, हे दोघेही या बाबतीत एकाच पायरीवर उभे असतात.

अन्नंभट्टाने सतराव्या शतकात लिहिलेला ‘तर्कसंग्रह’ हा न्यायशास्त्राचा प्रवेशग्रंथ संस्कृतच्या वर्गांतून आजही शिकवला जातो. त्यात अनुभवाचे यथार्थ आणि अयथार्थ असे दोन भाग केले असून, वस्तूत जो धर्म म्हणजे जो गुणविशेष नाही तो तिच्यात असल्याचा अनुभव येणे, असे अयथार्थाचे लक्षण सांगितले आहे. अयथार्थ अनुभवाच्या तीन प्रकारांपैकी तर्क हा येथे बाजूला ठेवता येतो, कारण त्यात चुकीची गोष्ट वादापुरती जाणूनबुजून गृहीत धरलेली असते. उरलेले दोन प्रकार म्हणजे संशय आणि विपर्यय. अंधारात समोर उभा आहे तो खांब की माणूस, असे मन दोन पर्यायांमध्ये झुलत राहिले की तो संशय. झुलणे संपून चुकीच्या बाजूने निकाल लागला, शिंपल्याचा चकाकता तुकडा चांदीच आहे असे ठरून गेले, की तो विपर्यय, म्हणजेच रूढ अर्थाने भ्रम. व्यवहारात संशयाला नावे ठेवली जातात आणि ठामपणाचे कौतुक होते, हे खरे तर उलटे आहे. संशय असलेला माणूस निदान दिवा आणायला उठतो, भ्रमात पडलेल्याला दिव्याची गरजच वाटत नाही.

शिंपल्याच्या जागी चांदी दिसते तेव्हा नेमके काय घडते, या एका प्रश्नावर भारतीय दर्शनांनी शतकानुशतके वाद घातला आणि त्या वादाला ख्यातिवाद असे नाव पडले. ख्याति म्हणजे ज्ञानात वस्तूचे भासणे. नैयायिकांच्या मते शिंपला खरा आणि चांदीही खरीच, फक्त ती येथे नसून पेढीवर किंवा आठवणीत आहे. डोळ्यांना चकाकी दिसते, ती पूर्वी पाहिलेल्या चांदीची आठवण जागी करते आणि मन ती चांदी समोरच्या वस्तूवर चिकटवून मोकळे होते. एक वस्तू दुसऱ्याच प्रकारे भासते म्हणून ही ‘अन्यथाख्याति’. प्रभाकर मीमांसकांनी याहून धाडसी भूमिका घेतली. त्यांच्या मते चुकीचे ज्ञान असे काही नसतेच. ‘हे’ हे प्रत्यक्ष आहे, ‘चांदी’ ही आठवण आहे, दोन्ही आपापल्या जागी बिनचूक आहेत, आणि चूक एवढीच की दोहोंमधला भेद लक्षात आला नाही. या ‘अख्याति’वादाप्रमाणे भ्रम ही काही भलते दिसल्याची घटना नसून काहीतरी लक्षात न आल्याची घटना ठरते. विज्ञानवादी बौद्धांनी ती चांदी म्हणजे चित्तातलाच आकार बाहेर असल्यासारखा भासणे मानले, तर अद्वैत वेदान्ताने तिला ‘अनिर्वचनीय’ म्हटले: पुढे तिचा बाध होतो, म्हणजे नंतरचे ज्ञान तिला खोटे ठरवते, म्हणून ती सत् नव्हे; पण सशाच्या शिंगासारखी ती अगदीच असत्ही नव्हे, कारण माणूस ती उचलायला खरोखर वाकतो. तो वाकतो यात आणखीही एक गोष्ट येते. ज्याला चांदी हवी असते त्यालाच शिंपल्यात चांदी लवकर दिसते, आणि म्हणून भ्रमाच्या कारणांत अंतर, अंधुक प्रकाश, डोळ्यांचा विकार यांच्याबरोबर लोभ आणि भय यांनाही जागा द्यावी लागते.

या चर्चेचा ‘जग म्हणजे माया, सगळेच खोटे’ असा जो गोषवारा लोकांत रूढ झाला आहे, तो शंकराचार्यांवर अन्याय करणारा आहे. दोरीवर दिसणारा साप आणि ती दोरी यांना अद्वैताने एका मापाने मोजलेले नाही; सापाची सत्ता प्रातिभासिक, म्हणजे भासापुरती, आणि दोरीची व्यावहारिक, म्हणजे ब्रह्मज्ञान होईपर्यंत सर्वांच्या व्यवहाराला पुरणारी. जागेपणी दिसणारे पदार्थ स्वप्नातल्यासारखेच आहेत हे बौद्ध मत शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात स्पष्टपणे खोडून काढले आहे. ज्ञानदेव तर ‘अमृतानुभवा’च्या सातव्या प्रकरणात अज्ञान या कल्पनेवरच तुटून पडतात, आणि जग हा अज्ञानातून उपजलेला आभास नसून चैतन्याचाच विलास आहे अशी त्यांची भूमिका असल्याने अभ्यासक तिला चिद्विलासवाद म्हणतात. समर्थ रामदासांच्या ‘दासबोधा’त दहाव्या दशकात ‘भ्रमनिरूपण’ नावाचा पूर्ण समास आहे आणि त्यानंतर दोनच समासांनी ‘प्रचीतनिरूपण’ येते. ऐकीव किंवा वरवर दिसलेल्या गोष्टीपेक्षा प्रचीतीला, म्हणजे स्वतः पडताळून आलेल्या अनुभवाला, समर्थांनी जे वजन दिले आहे, त्याची गरज अध्यात्माबाहेरही पडते.

वेदान्ती परंपरेने केलेला एक भेद मात्र ख्यातिवादाइतका प्रसिद्ध नसूनही आजच्या वाचकाला अधिक उपयोगाचा आहे, आणि तो म्हणजे निरुपाधिक व सोपाधिक भ्रमांचा. दिवा आणला, दोरी दिसली की साप नाहीसा होतो आणि तीच दोरी दुसऱ्यांदा साप म्हणून भिववू शकत नाही. हा निरुपाधिक भ्रम. पण स्फटिकाशेजारी जास्वंदीचे फूल ठेवले तर स्फटिक लाल दिसतो, आणि तो मुळात पांढरा आहे हे पक्के ठाऊक असलेल्यालाही तो लालच दिसत राहतो. येथे फूल ही उपाधी, म्हणजे जवळ असल्यामुळे आपला गुण दुसऱ्यावर उमटवणारी वस्तू, आणि ती दूर केल्याशिवाय केवळ ज्ञानाने भास जात नाही. आधुनिक मानसशास्त्राने आणि प्रकाशविज्ञानाने अभ्यासलेले बहुतेक भ्रम याच दुसऱ्या जातीचे आहेत.

मृगजळ हे त्याचे सर्वांच्या पाहण्यातले उदाहरण होय. वैशाखातल्या दुपारी सोलापूर किंवा मराठवाड्याकडच्या सरळ डांबरी रस्त्यावर पुढे काही अंतरावर पाणी साचलेले दिसते, गाडी जवळ जाईल तसे ते मागे सरकते आणि हाती कधीच लागत नाही. डांबर तापले की त्याला लागून असलेला हवेचा पातळ थर वरच्या हवेपेक्षा पुष्कळ अधिक तापतो आणि त्यामुळे विरळ होतो. दूरच्या आकाशाचा जो प्रकाश अगदी तिरपा होऊन रस्त्याकडे येत असतो, तो या विरळ थरात शिरताना वरच्या दाट हवेकडे वळतो आणि जमिनीला न टेकताच प्रवाशाच्या डोळ्यांत शिरतो. डोळ्यांना हे वळण कळण्याचा काहीच मार्ग नसतो. प्रकाश सरळ रेषेतच आला असे धरून ते आकाशाचा तुकडा रस्त्यावर मांडतात. एरवीच्या अनुभवात जमिनीवर आकाश दिसते ते फक्त पाण्यात, तेव्हा तेथे पाणी आहे हे अनुमान मूर्खपणाचे मुळीच नव्हे, उलट फार समंजस आहे. फक्त या प्रसंगी ते चुकते. नेपोलियनच्या १७९८ च्या इजिप्त मोहिमेत तहानलेल्या फ्रेंच सैनिकांना वाळवंटात तळी दिसू लागली, तेव्हा मोहिमेबरोबर गेलेल्या गास्पार मोंज या गणितज्ञाने या दृश्याचा उलगडा प्रकाशाच्या नियमांनी केला. मृगजळाचे छायाचित्रही निघते, आणि कॅमेऱ्याला तहान लागत नसल्यामुळे एवढे तरी सिद्ध होते की रस्त्यावर दिसणारी लकाकी खरी असते, ‘पाणी’ हा शब्द तिला पाहणाऱ्याने जोडलेला असतो.

उगवत्या चंद्राची गोष्ट याच्या अगदी उलट आहे, कारण त्याचा मोठेपणा कॅमेऱ्यात येत नाही. पूर्णचंद्र आकाशाचा जेमतेम अर्धा अंश व्यापतो, आणि हात पूर्ण लांब करून करंगळी आडवी धरली तर क्षितिजावरचा काय आणि डोक्यावरचा काय, दोन्ही चंद्र तिच्याआड सहज लपतात. हिशेब काटेकोर केला तर क्षितिजावरचा चंद्र किंचित लहानच भरतो: चंद्राचे सरासरी अंतर सुमारे ३,८४,००० किलोमीटर आहे, आणि चंद्र उगवताना पाहणारा त्याच्यापासून पृथ्वीच्या त्रिज्येइतका, म्हणजे सुमारे ६,४०० किलोमीटर, अधिक लांब असल्याने बिंबाचा आकार दीड टक्क्याच्या आसपास घटतो. वातावरण भिंगासारखे काम करून चंद्र मोठा दाखवते, हे नेहमी ऐकू येणारे स्पष्टीकरण त्यामुळे टिकत नाही. बसऱ्यात जन्मलेल्या आणि कैरोत काम केलेल्या इब्न अल-हैथम या शास्त्रज्ञाने अकराव्या शतकाच्या आरंभी लिहिलेल्या ‘किताब अल-मनाझिर’ या प्रकाशविज्ञानावरील ग्रंथात या भ्रमाचे कारण आकाशात न शोधता पाहणाऱ्याच्या निर्णयात शोधले होते. क्षितिजाकडे नजर जाताना मध्ये झाडे, घरे, डोंगर लागतात, त्यामुळे तिकडचा चंद्र मनाला अधिक दूरचा वाटतो, आणि तेवढ्याच आकाराचे बिंब अधिक दूरचे मानले की ते मोठे ठरवावेच लागते, असा या विचाराचा सारांश. अडचण अशी की क्षितिजावरचा चंद्र लांब वाटतो का, असे लोकांना विचारले तर पुष्कळजण तो जवळ आल्यासारखा वाटतो असे सांगतात! हजार वर्षांनंतरही या साध्या दृश्याचा सर्वमान्य उलगडा झालेला नाही.

भ्रम सर्व माणसांना सारखाच होतो का, या प्रश्नाचे उत्तर शोधताना एक धागा निलगिरीपर्यंत पोचतो. फ्रान्झ म्यूलर-लायर या जर्मन अभ्यासकाने १८८९ मध्ये एक आकृती प्रसिद्ध केली. तिच्यात एकाच लांबीच्या दोन आडव्या रेषा असतात; एकीच्या टोकांवरच्या तिरक्या रेघा बाणाच्या अग्राप्रमाणे आत वळलेल्या आणि दुसरीच्या टोकांवरच्या बाहेर फाकलेल्या. दुसरी रेषा लांब दिसते, पट्टी लावून मोजल्यावरही लांबच दिसते, आणि म्हणून हा अस्सल सोपाधिक भ्रम होय. डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स या इंग्रज वैद्य व मानवशास्त्रज्ञाने १८९८ च्या केंब्रिज मोहिमेत टॉरेस सामुद्रधुनीतील बेटांवरच्या लोकांना, आणि पुढे १९०१-०२ मध्ये निलगिरीतील तोडा लोकांना अशा आकृत्या दाखवल्या, तेव्हा म्यूलर-लायरच्या रेषांनी हे दोन्ही समाज इंग्रजांपेक्षा कमी फसले. उलट समान लांबीची उभी रेषा आडवीपेक्षा मोठी वाटण्याच्या भ्रमाला ते अधिक बळी पडले. ‘रानटी’ समजले जाणारे लोक भ्रमाला सहज फसतील, ही त्या काळच्या युरोपची समजूत होती आणि ती अशी अंगलट आली. काटकोनी घरे, खोल्या आणि रस्ते यांत वाढलेल्या डोळ्यांना तिरक्या रेघांत भिंतींचे कोपरे आणि त्यांबरोबर अंतर दिसू लागते, असे एक स्पष्टीकरण १९६६ मध्ये सेगल, कॅम्पबेल आणि हर्स्कोविट्स यांनी पुष्कळ समाजांची तुलना करून पुढे आणले. त्यावर मतभेद आहेत आणि वाद मिटलेला नाही. पण पाहणे हे केवळ डोळ्यांचे काम असते तर हा वाद उभाच राहिला नसता.

हेरमान फॉन हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १८६७ पर्यंत पूर्ण केलेल्या दृष्टिविषयक ग्रंथात पाहण्याच्या या प्रक्रियेला अजाणता केलेले अनुमान म्हटले. डोळ्यांच्या पडद्यावर पडणारे चित्र सपाट, अपुरे आणि अनेक अर्थांचे असते; जुन्या मोडी कागदावरची पुसट अक्षरे सरावाने लावून वाचणाऱ्या माणसाप्रमाणे मेंदू पूर्वानुभवाच्या जोरावर त्यातून एक अर्थ निवडतो आणि रिकाम्या जागा भरून काढतो. याची प्रचीती घ्यायला प्रयोगशाळा लागत नाही. कोऱ्या कागदावर डावीकडे एक फुली आणि तिच्या उजवीकडे आठ सेंटिमीटरवर एक ठसठशीत ठिपका काढावा, डावा डोळा मिटून उजव्या डोळ्याने फक्त फुलीकडे पाहत कागद सुमारे एक फूट अंतरावर धरावा आणि सावकाश थोडा मागेपुढे करावा. एका विशिष्ट जागी ठिपका नाहीसा होतो. डोळ्यातून मेंदूकडे जाणारी मज्जा जेथून बाहेर पडते तेथे प्रकाश टिपणाऱ्या पेशीच नसतात, आणि सतराव्या शतकात एद्म मारियॉत या फ्रेंच शास्त्रज्ञाने दाखवून दिलेला हा अंधबिंदू प्रत्येक डोळ्यात असतो. ठिपक्याच्या जागी काळे भोक दिसत नाही, कोरा कागद दिसतो, हे विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. माहिती नाही असे मेंदू कबूल करत नाही. शेजारचा पांढरा रंग ओढून तो जागा भरून टाकतो, आणि ही भरती माणूस जन्मभर ‘पाहिले’ या खात्यावर जमा करत राहतो.

रंगांच्या बाबतीत ही लबाडी व्यापाऱ्यांना आणि रंगाऱ्यांना शास्त्रज्ञांच्या आधीपासून ठाऊक होती. पॅरिसच्या गोबलँ या प्रसिद्ध विणकामाच्या कारखान्यात मिशेल शेव्रल हा रसायनशास्त्रज्ञ १८२४ पासून रंगकामाचा प्रमुख होता. निळ्या आणि जांभळ्या वस्त्रांच्या छटांसाठी वापरलेला काळा रंग फिका पडतो, अशी तक्रार त्याच्याकडे आली. त्याने काळ्या लोकरीची तपासणी केली, दुसरीकडच्या काळ्या लोकरीशी ती ताडून पाहिली आणि रंगात काहीच खोट नसल्याचे त्याला आढळले. काळा फिका वाटत होता तो शेजारच्या निळ्या-जांभळ्यामुळे. शेजारी शेजारी ठेवलेले रंग एकमेकांचे दिसणे बदलतात, हा नियम त्याने १८३९ च्या आपल्या ग्रंथात सविस्तर मांडला. जास्वंद आणि स्फटिकाचे उदाहरण देणाऱ्या आचार्यांना यातला निम्मा भाग ओळखीचा वाटला असता. सराफाच्या दुकानात दागिना गुलाबी कागदात ठेवून पुढे सरकवला जातो, तेव्हा सोने तेच असते, पिवळेपणाला मात्र पार्श्वभूमीची जोड मिळालेली असते.

मॅचिंग सेंटरमध्ये लुगड्याच्या काठाला तंतोतंत जुळलेले ब्लाउजपीस घरी आल्यावर वेगळेच दिसते, त्याचे कारण मात्र शेजारचा रंग नसून दिवा असतो. दोन कापडांतली रंगद्रव्ये वेगवेगळी असूनही एका विशिष्ट प्रकाशात ती डोळ्यांकडे सारखाच रंग पाठवू शकतात, आणि प्रकाशातल्या घटक रंगांचे प्रमाण बदलले की त्यांच्यातला फरक उघड होतो. कापड दारापाशी नेऊन उन्हात पाहण्याची जाणत्या गिऱ्हाइकांची रीत म्हणूनच शास्त्रशुद्ध आहे. साक्षीदार बदलला की साक्ष टिकते का, हेच ती पाहते.

फसवणूक डोळ्यांपुरती थांबत नाही. कोकणात आणि घाटमाथ्यावर रात्री वाट चुकलेल्या माणसाला चकवा लागतो, म्हणजे एक भूत त्याला त्याच त्या जागेभोवती फिरवत ठेवते आणि उजाडले की सोडून देते, अशी जुनी समजूत आहे. जर्मनीतील ट्यूबिंगेन येथील माक्स प्लांक संस्थेत यान सौमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेले संशोधन २००९ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा चकव्याचे वर्णन करणारे गावकरी निरीक्षणात अजिबात चुकलेले नव्हते असे म्हणण्याजोगा पुरावा हाती आला. या अभ्यासात काही जणांना जर्मनीतल्या बीनवाल्ड या जंगलात आणि काहींना ट्युनिशियातल्या सहारा वाळवंटात सरळ चालत राहायला सांगून उपग्रहाच्या साहाय्याने त्यांचा मार्ग नोंदवला गेला. सूर्य किंवा चंद्र दिसत होता तोवर माणसे बऱ्यापैकी सरळ गेली. आभाळ भरून आले की जंगलात ती गोल फिरून आपलीच वाट पुन्हा ओलांडू लागली आणि त्यांना याची जाणीवही झाली नाही. डोळे बांधून चालणाऱ्यांची वर्तुळे तर काही वेळा अवघ्या २० मीटर व्यासाची होती. एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड असतो म्हणून असे होते, हा जुना समज यात टिकला नाही, कारण एकच माणूस कधी डावीकडे तर कधी उजवीकडे वळत होता. ‘सरळ’ कोणते याचा मनातला अंदाज पावलागणिक थोडा थोडा ढळत जातो आणि बाहेरची खूण नसेल तर तो सुधारत नाही, असा निष्कर्ष निघाला. उजाडल्यावर चकवा सोडून जातो ही गावची नोंद त्यामुळे जशीच्या तशी खरी ठरते, भुताचे नाव तेवढे काढून टाकावे लागते.

निरीक्षण खरे आणि निवाडा खोटा, या जोडीचे याहून ठळक सार्वजनिक उदाहरण २१ सप्टेंबर १९९५ या दिवशी सगळ्या देशाने पाहिले. गणपतीची मूर्ती दूध पिते ही वार्ता पहाटे दिल्लीतून निघाली आणि दूरध्वनीवरून काही तासांत महाराष्ट्रातच नव्हे तर थेट ब्रिटनमधल्या मंदिरांपर्यंत पोचली. देवळांपुढे रांगा लागल्या. चमच्यातले दूध मूर्तीच्या सोंडेला लावले की खरोखर कमी होत होते, आणि ते पाहणाऱ्या हजारो लोकांना खोटे ठरवण्याचे काही कारण नाही. काठोकाठ भरलेल्या चमच्यातले दूध बाहेर फुगलेल्या दगडी किंवा धातूच्या पृष्ठभागाला टेकले की द्रवाच्या पृष्ठताणामुळे, म्हणजे द्रवाच्या वरच्या थराला असलेल्या ताणामुळे, ते त्या पृष्ठभागाकडे ओढले जाते आणि एकदा धार सुरू झाली की पातळ पापुद्र्यासारखे मूर्तीच्या अंगावरून खाली उतरते. आधीच ओल्या झालेल्या मूर्तीवर हा पापुद्रा चटकन नजरेत भरत नाही. शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळून तो प्रवाह दाखवून दिला. शिंपल्यातल्या चांदीसारखेच येथेही ‘हे’ प्रत्यक्ष होते आणि ‘पिणे’ मनाने पुरवलेले होते. श्रद्धा असणे हा यातला दोष नव्हता, मूर्तीच्या पायाशी साचणाऱ्या दुधाकडे कोणी पाहिले नाही एवढाच तो होता.

या सगळ्या उदाहरणांत चुकीची किंमत फार तर एक नवे ब्लाउजपीस किंवा रात्रभराची पायपीट एवढीच आहे. विमानाच्या चालकाच्या मात्र असाच भ्रम जिवावर बेततो. माणसाच्या अंतर्कर्णात द्रवाने भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात आणि डोके वळले की मागे राहणाऱ्या द्रवामुळे वळण कळते. वळण एकाच गतीने दहा-वीस सेकंद चालू राहिले की द्रवही तीच गती घेतो आणि वळत असल्याची जाणीव विरून जाते. नंतर विमान सरळ केले तर ते उलट दिशेने कलल्यासारखे वाटते. अगदी हळू सुरू झालेला कल तर अंतर्कर्णाला कळतही नाही. दिवसा क्षितिज दिसत असल्याने ही चूक लगेच दुरुस्त होते. रात्री समुद्रावर क्षितिजच नसते, म्हणून विमानाचा कल दाखवणाऱ्या उपकरणावर भरवसा ठेवावा आणि शरीराचे ऐकू नये, असे वैमानिकांना शिकवले जाते. हे शिक्षण योग्यच आहे, परंतु त्यात एक फट राहते: उपकरण हाही अखेर एक साक्षीदारच, आणि तोही चुकू शकतो.

१ जानेवारी १९७८ च्या रात्री आठच्या सुमारास एअर इंडियाचे ‘सम्राट अशोक’ हे बोइंग ७४७ विमान मुंबईहून दुबईला निघाले. समुद्रावर आल्यावर ते थोडे उजवीकडे वळून पुन्हा सरळ झाले, पण कॅप्टनसमोरचे कलदर्शक उपकरण विमान अजून उजवीकडेच कललेले असल्याचे दाखवत राहिले. खाली काळा समुद्र, वर काळे आकाश आणि शरीराकडून काही विश्वासार्ह खबर नाही, अशा स्थितीत कॅप्टनने उपकरणाचे म्हणणे प्रमाण मानले आणि सरळ उडणारे विमान डावीकडे वळवत नेले, ते पार आडवे होऊन कलंडेपर्यंत. उड्डाणानंतर दोन मिनिटांच्या आत ते वांद्र्याच्या किनाऱ्यापासून सुमारे तीन किलोमीटरवर समुद्रात कोसळले आणि त्यातील सर्व २१३ जण मृत्युमुखी पडले. प्रथम घातपाताचा संशय घेतला गेला. भारतातील चौकशीने मात्र कॅप्टनचे उपकरण बिघडल्यावर त्याला विमानाच्या स्थितीचे भान राहिले नाही आणि त्यातून त्याने नियंत्रणे चुकीची हाताळली, असा निष्कर्ष काढला. त्या विमानाच्या कॉकपिटमध्ये कल दाखवणारी उपकरणे तीन होती, एक कॅप्टनसमोर, एक सहवैमानिकासमोर आणि एक दोघांसाठी राखीव, आणि पहिले उपकरण उरलेल्या दोहोंशी वेळीच ताडून पाहिले गेले नाही.